दहा हजार सातला भाग जात नाही

...आणि वर मलाच म्हणतो, "भाऊजी, तुम्हाला साधा भागाकार येत नाही!" मला! अहो, भाग जातच नाही त्याला मी काय करू? तुम्हाला सांगतो, हा माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, बटणांचा कारखाना त्याचा आणि पॅकिंग माझ्याकडे. त्याचा नियम काय, तर प्रत्येक पुडीत सारखीच बटणं, एक कमी नाही, एक जास्त नाही! बरं बाबा. पण गिऱ्हाइकानं मागितली किती? दहा हजार सात! दहा हजार कपड्यांना आणि सात नमुन्याला!

बाराबाराच्या पुड्या बांधल्या, शेवटच्या पुडीत एक कमी. दहादहाच्या बांधल्या, सात बाहेर. अकरा घ्या, तेरा घ्या, सतरा घ्या... शंभरच्या आतलं काही सोडलं नाही! मूळ संख्या आहे हो ती! म्हटलं, "एक तर सगळी एकाच पोत्यात घाल, नाहीतर एकेका बटणाची पुडी बांध." तर डोळे वटारून म्हणतो, "संध्याकाळपर्यंत माल गेला नाही, तर उद्यापासून घरी बसा!" बसतो की! भाग जातच नाही, मी काय करू?

तेवढ्यात बायकोचा फोन. "अहो, जरा नमतं घ्या ना!" अगं, मी घेईन नमतं, ती संख्या घेईल का?

मग साहेबांनी स्वतःची अक्कल चालवली. एक बटण उचलून खिशात घातलं. "आता लावा भाग!" लावला. दोन पुड्या झाल्या... पाच हजार तीनची एकेक! आणि पाच हजार तीन म्हणजे ह्याच बयेची सख्खी बहीण, तिलाही भाग नाही! म्हटलं, "अरे, काढतोस काय, ते परत ठेव आणि वर एक घाल! दहा हजार आठ झाली की बाराच्या पुड्या चोख!" तर किंचाळला, "एक बटण फुकट?"

डोकंच फिरलं माझं. त्याच्या खिशातलं बटण काढून परत ठेवलं, वर अंगातल्या शर्टाचं बटण तोडलं, टाकलं शेवटच्या पुडीत. घे, माझ्याकडून! आठशे चौतीस पुड्या, सगळ्या सारख्या, माल रवाना!

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचा फोन. "माल ठीक आहे, पण शेवटच्या पुडीत एक बटण काय सुरेख निघालं हो! पुढच्या वेळी सगळी तसलीच पाठवा." मेहुणा माझ्याकडे बघतो, मी शर्टाकडे बघतो... समोरच्या कारखान्याची बटणं हो ती!

तेव्हापासून घरीच आहे. अहो, संख्येपायी नोकरी गेली असती तर छाती काढून फिरलो असतो... गेली ती शर्टापायी!