बाबांना पित्त झालंय

सुंदराबाई : थेंबसुद्धा नाही हो डॉक्टर! उभ्या जन्मात यांनी दारूला बोट लावलं नाही. तरी अख्ख्या विश्रांतवाडीत कुजबुज. लिव्हर ना? मग पीतच असणार!

डॉ. चैताली : दारूचा संबंधच नाही. हा 'हिपॅटायटिस बी'चा विषाणू. वर्षानुवर्षं रक्तात दडून बसतो आणि शेवटी लिव्हरमध्ये अशी कॅन्सरची गाठ करतो. बहुधा जन्मताच आईकडून आला असेल.

कचरू : आईला बोल लावू नका, मॅडम. माझ्या आधीची दोन लेकरं गेली तिची. मी तरी जगावं म्हणून नाव ठेवलं कचरू. कचऱ्याकडं मरण बघत नाही म्हणे.

डॉ. चैताली : त्यांचा दोष नाही हो. त्यांना कळणार तरी कसं?

कचरू : ते राहू द्या. गाठ शिरेत शिरलीय का, ते सांगा.

डॉ. चैताली : मोठ्या शिरेत नाही, स्कॅनमध्ये ती स्वच्छ आहे. बारीक शिरांचं मात्र गाठ काढून तपासल्यावरच कळेल. गाठ मोठी असली, जास्त गाठी असल्या, कडा वेड्यावाकड्या असल्या की धोका वाढतो. तुमची एकच आहे, लहान आहे.

सुंदराबाई : वाईट काय तेही सांगून टाका. जीव टांगणीला नको.

डॉ. चैताली : रक्तात विषाणू फार आहे. त्यानंही धोका वाढतो. गोळ्या आजपासूनच. आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी करायची.

कचरू : सगळ्यांची करा. निकिताला सोडून.

सुंदराबाई : लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय हो. तिला सांगितलंय, बाबांना पित्त झालंय.

डॉ. चैताली : मग तिलाच आधी सांगा.

कचरू : अवघडलेल्या पोरीला असलं ऐकवू? काळीज आहे का तुम्हाला?

डॉ. चैताली : आहे, म्हणूनच सांगतेय. तिला हा विषाणू असला, तर बाळाला जन्मल्याबरोबर लस आणि एक इंजेक्शन द्यावं लागतं. राहून गेलं, तर तुमचं झालं तेच त्या बाळाचं.

कचरू : …मी सांगतो. मीच सांगतो तिला.

(ऑपरेशन होऊन काही दिवस झालेत. डॉक्टरांची तीच खोली.)

सुंदराबाई : आधी रिपोर्ट सांगा. सकाळपासून यांनी चहासुद्धा घेतला नाही.

डॉ. चैताली : बारीक शिराही मोकळ्या आहेत. गाठ कुठंच शिरलेली नाही.

सुंदराबाई : अगं बाई! ऐकलंत का? अहो, रडताय काय, हसा की!

डॉ. चैताली : तरी तपासणीला येत राहायचं. गोळ्या चुकवायच्या नाहीत.

सुंदराबाई : कान धरून आणते. आणि त्या कुजबुजणाऱ्यांच्या दारात पेढे घेऊन मी स्वतः जाणार.

डॉ. चैताली : निकिता कशी आहे?

कचरू : तिच्यातही विषाणू निघाला, मॅडम. सांगितलं तर मलाच म्हणाली, "पित्ताला कुणी एवढे स्कॅन काढतं का, बाबा? खुळी समजता मला?" परवा नात झाली. जन्मल्याबरोबर दोन्ही सुया टोचल्या. वॉर्ड डोक्यावर घेतला पोरीनं!

डॉ. चैताली : घेऊ दे. पुढचे डोस तेवढे वेळेवर द्या.

सुंदराबाई : निकिता म्हणते, नाव बाबांनीच ठेवायचं. अन् हे आपले गप्प!

कचरू : गप्प नाही गं. शोधतोय. आता चांगलं नाव ठेवायला भीती नाही.