पहिली चोच

जनावरांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी नवरा-बायको बसले होते. मध्ये टोपली, टोपलीत कोंबडी.

"भरलेली जखम पुन्हा कशी उघडली, असं डॉक्टरांनी विचारलं तर काय सांगणार आहात?"

"बाकीच्या टोचतात म्हणून सांगेन."

"मध्ये जाळी लावा, काही दिवस एकमेकींना नुसतं बघू दे, असं बजावलं होतं ना त्यांनी?"

"लावली होती की."

"आणि दुपारीच काढलीत! एकीनं चोच मारली, की लगेच हिला उचलून स्वयंपाकघरात. आता ती माझ्या ओट्यावर बसते, अहो, ओट्यावर!"

"अगं, रक्त आलं होतं."

"सारखं आत-बाहेर केलंत तर दर वेळी ती त्यांना नवखीच वाटणार, आणि दर वेळी मार खाणार."

"तुला काळीजच नाही."

"लेकाला होस्टेलमधून परत आणलंत, तेव्हाही हेच म्हणालात."

"पोरं छळत होती त्याला."

"आणि नोकरीवरून आणलंत तेव्हा?"

"साहेब ओरडायचा. आता सुखात आहे ना घरी?"

"चाळिशी आली त्याची! मघाशी त्याचाच फोन होता ना? काय म्हणत होता?"

"काही नाही गं... आई कधी येतेय विचारत होता. भूक लागलीय त्याला."