बाईंनी दिलेला आवाज

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, संस्थेचे विश्वस्त, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत त्या आमच्या बाई, सहकारी, पालक, आणि मांडीवर टॅब घेऊन पुढच्या रांगेत बसलेल्या मुलांनो. मुलांनो, माझं भाषण चालू असताना मध्ये बोलावंसं वाटलं तर बोला. टॅबचा आवाज बंद करायला कुणी सांगितलंच, तर त्यांना माझ्याकडे पाठवा.

मी या शाळेत तंत्रज्ञ आहे. भाषणाचा मला सराव नाही, आणि गेल्या सोमवारी जे पाहिलं त्यातून मी अजून सावरलेली नाही. म्हणून जे घडलं ते क्रमाने सांगते.

आमची मुलं तोंडाने बोलत नाहीत. ती टॅबवरच्या चित्राला बोट लावतात आणि टॅब तो शब्द मोठ्याने म्हणतो. पूर्वी त्यात यंत्राचा आवाज होता. स्टेशनवरची घोषणा ऐकतोय असं वाटायचं. बाई म्हणाल्या, "हा 'आई' म्हणाला तर कुठली आई वळून बघेल?" मग अडगळीच्या खोलीत, खिडक्यांना रजया टांगून, त्यांनी एकेक शब्द स्वतः म्हटला आणि मी तो रेकॉर्ड केला. 'हवं', 'नको', 'दुखतं', 'खोटं', 'गाढव'. विश्वस्तांनी तेव्हा विचारलं होतं, "मुलांना 'गाढव' कशाला हवं?"

बाई म्हणाल्या, "तुम्ही कधीच कुणाला म्हणाला नाहीत?"

साहेब, तुम्ही हसताय. म्हणजे आठवतंय.

तेव्हापासून आमच्या शाळेत प्रत्येक मूल बाईंच्या आवाजात बोलतं. बंद दारामागून "इकडे ये" ऐकून मी कितीदा हातातलं काम टाकून धावले, आणि आत बाई नव्हत्याच. भिंगरी होती. सतत गोल फिरते म्हणून भिंगरी. हे नाव तिला स्वतःलाही पसंत आहे, आम्ही विचारलं आहे. एकदा तिच्या आईचा बाईंना फोन आला.

"बाई, ती घरी बोलली! पहिल्यांदा! मला वाटलं तुम्हीच मागे उभ्या आहात, हातातलं भांडंच पडलं."

"काय म्हणाली?"

"'आई, गप्प बस.'"

"तुम्ही बोलत होतात का?"

"तासभर. फोनवर. माझ्या बहिणीशी."

"मग बरोबरच बोलली की."

बाई वेळेआधी का निवृत्त होताहेत, हे इथे बऱ्याच जणांना माहीत नाही. सांगायची परवानगी त्यांनी मला दिली आहे. त्यांच्या स्वरयंत्रात गाठ आहे. पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया करून स्वरयंत्र काढणार आहेत. तोवरही डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे. बाईंनी मला रिकाम्या वर्गात बोलावून हे फळ्यावर लिहिलं. मी दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे कुणाबद्दल आहे?"

आम्ही सहकाऱ्यांनी ठरवलं, निरोपाची भेट म्हणून बाईंना टॅब द्यायचा, त्यांच्याच आवाजाचा. सगळे शब्द आमच्याकडे तयार होते. याहून योग्य भेट कोणती असणार? सोमवारी भर वर्गात तो त्यांच्या हातात दिला. बाईंनी 'छान'वर बोट ठेवलं. स्वतःचा आवाज ऐकला. आणि टॅब बाकावर पालथा ठेवून दिला.

मग त्यांनी खडू घेतला. "हा आवाज मी मुलांना दिलाय. तो आता त्यांचा आहे. त्यांना विचारलंत?"

कुणाच्याही टॅबला हात लावण्याआधी त्या मुलाला विचारायचं, हा आमच्या कामाचा पहिला धडा. तो बाईंनीच शिकवलेला. आणि अख्ख्या कर्मचारीवर्गात एकालाही हे सुचलं नव्हतं.

आमच्या धाकट्या थेरपिस्ट म्हणाल्या, "अहो बाई, असं काय करताय? तुमचाच तर आवाज आहे!"

बाईंनी नकारार्थी मान हलवली.

"मग तुम्ही बोलणार कशा?"

बाईंनी लिहिलं, "मला स्टेशनवरची घोषणा चालेल."

कुणालाही हसू आलं नाही. शेवटी मी मुलांकडे वळले आणि सरळ सांगितलं. बाईंचा आवाज जाणार आहे. तुमच्या टॅबमधला आवाज त्यांनी वापरला तर तुम्हाला चालेल का?

भिंगरी फिरायची थांबली. टॅब छातीशी धरून बाईंसमोर आली आणि एकेका चित्राला बोट लावलं. "माझं. तू. घे." मग टॅब त्यांच्या मांडीवर ठेवला.

मुलाला उत्तर द्यायचं ते त्याच्याच टॅबवर बोट ठेवून, ही बाईंची रोजची पद्धत. पुढचं मी पाहिलेलं नाही. मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. कारण सांगत बसत नाही. फक्त दोन शब्द ऐकू आले, दोन्ही त्याच एका आवाजात.

"तू?"

"दोघी."

कोणता कुणाचा, ते कळायला वळून बघावं लागलं नाही.

नंतर बाकीच्या मुलांनाही एकेक करून विचारलं. सगळ्यांनी होकार दिला. एकाने होकाराआधी मला 'गाढव' म्हटलं. ते मी मान्य केलं आहे.

अध्यक्ष महोदय, बोलायची संधी दिलीत, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभारी आहे. मांडणीत काही उणं राहिलं असेल, कुणाचा उल्लेख सुटला असेल, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या. आता सत्काराला उत्तर द्यायला बाई टॅबवरून बोलतील. आवाज तुम्हाला ओळखीचा वाटेल. तो भिंगरीचा आहे. तिच्या परवानगीने.