पहिला विंचू, शेवटचं फुलपाखरू

नाही, तुम्ही मले आधी हे सांगा... लोकाईनं विचारलं म्हणून मी सांगतलं, आता याच्यात माहं काय चुकलं? मी काय कोणाच्या घरी जाऊन कडी वाजवली होती, का उठा बाप्पा, गौतमनं डेकची यादी बनवली, वाचा? ग्रुपवर रोज मेसेज! ‘गौतमभाऊ, यादी कवा टाकता?’ ‘गौतमभाऊ, या टायमाले पहिला कोण?’ चाळीस माणसं त्या ग्रुपवर, पांढुर्ण्याचे, सौंसरचे, दोघं-तिघं बोरगावचे, अन् सगळ्याईले माहीच यादी पाहिजे! मी दात घासून राहिलो तं मेसेज, मी शाळेत परीक्षानळ्या धुवून राहिलो तं मेसेज... हाव, मी सौंसरले एका शाळेच्या लॅबमधी कामाले आहो, त्या मेसेजच्या नादात एक नळी फुटली माह्या हातून, पण ते जाऊ द्या.

आता तुमच्यातल्या अर्ध्याईले वाटून राहिलं असन, डेक म्हणजे गाणे वाजवाचा का काय! नाही जी. पत्ते. अन् रमीचे पत्ते नाही! माह्या सासऱ्याले अजून तसंच वाटते, ते पाहुण्याईले सांगतात, ‘जावई तसा चांगला आहे, फक्त पत्ते खेळते...’ त्या ‘फक्त’वर असे थांबतात ना, पाहुण्याच्या हातचा चहा थंडा होते! अहो, जंगलजंग नावाचा खेळ होय हा. पत्त्यावर प्राणी असतात, आपले आपण पन्नास पत्ते निवडाचे, त्याले म्हणतात डेक. समोरच्याचे वीस प्राण संपवले का आपण जिंकलो, अन् आपले पत्ते संपले, उचलाले पत्ताच नाही राहिला, तं आपण हरलो. झालं, एवढंच. पण कोणता डेक कोणाले मारते हे समजाले डोस्कं लागते, अन् ते डोस्कं, गर्व नाही करत मी, पण या अख्ख्या जिल्ह्यात... जाऊ द्या, तुम्ही म्हणान गर्व करून राहिला.

तं झालं असं. आपल्या जिल्ह्याची पहिली स्पर्धा निघाली पांढुर्ण्याले, जिंकन तो नागपूरच्या मोठ्या स्पर्धेले जाईन. मी तीन वर्षं झाले खेळून राहिलो, नागपूरचं स्वप्न पाहून राहिलो, अन् या वेळी म्हटलं यादी अशी बनवू, अशी बनवू का कोणी बोट नाही ठेवलं पाहिजे. दोनशे बारा डाव वहीत लिहिले! कोण कोणाशी खेळला, कोणता पत्ता कवा आला, सगळं. करुणा म्हणे, ‘अहो, आपल्या लग्नाची तारीख तरी लिहून ठेवली काय कुठं?’ करुणा माही बायको. ब्लाऊज शिवते, अन् खेळतेही.

यादी साधी होती, भारी डेक वर, फालतू खाली. पांढुर्ण्यात जिकडे पाहा तिकडे वाघ. वाघाचा डेक म्हणजे आला का झपाट्यानं मारते. वाघाले कोण मारते? विंचू. एकदा डसला का दर पाळीले एक-एक प्राण कमी, वाघ मारता मारता आपणच लुढकते. म्हणून पहिला विंचू, दुसरा वाघ. तिसरं कासव, ते काही मारत नाही, बसून राहते अन् दर पाळीले दोन प्राण भरून घेते, पण वाघ त्याची पाठ फोडते, म्हणून तिसरं. अन् शेवटचं फुलपाखरू. सात फुलपाखरं एका वेळी मांडता आले का त्याच घडीले जिंकला! पण सात मांडू देते कोण? म्हणून मी त्याच्यापुढं लिहिलं, ‘कृपया आणू नये.’ कृपया लिहिलं हो मी! आता याच्यात माहं काय चुकलं?

यादी टाकली अन् पहिला फोन कुलदीपचा. कुलदीपचं पांढुर्ण्याले मोबाईलचं दुकान, आम्ही सगळे तिथीच खेळतो, अन् तो वाघवाला. ‘गौतमभाऊ, ये क्या लिख दिया आपने? माहा वाघ दुसरा? दो साल से मैं...’ अरे बाबा, दुसरा आहे, मेला नाही! पण नाही, फोन आपटला. मंग करुणा. तिचा डेक कासवाचा. सरळ मशीनवर बसली, मशीन अशी चालवली, अशी चालवली का मले शिवण नाही, राग ऐकू येऊन राहिला होता. मी म्हटलं, ‘करुणा, हे हिशोबानं आहे, घरचं-बाहेरचं नाही पाहत मी.’ ती म्हणे, ‘हाव ना. भाजीही हिशोबानंच वाढतो आज.’

अन् दादाजी. दादाजी म्हणजे मोहगावचे, दादाजी हे त्याईचं नावच होय, रेल्वेतून रिटायर झालेले. बायको गेल्यावर घरात बोलाले कोणी नाही, म्हणून बसनं पांढुर्ण्याले येत दर रविवारी. डेक फुलपाखराचा. दोन वर्षांत तीन डाव जिंकले असतील! पण सातवं फुलपाखरू आलं ना, का खुर्चीवरून उठून उभे राहत, दोन्ही हात वर, ‘आलं रे बाबू आलं, सातवं आलं!’ अन् हारणारा माणूसही हासत जाय. दादाजीचा फोन नाही आला, मेसेज नाही आला. मले वाटलं, त्याईनं वाचलंच नसन.

स्पर्धेचा रविवार उगवला. मंगल कार्यालय घेतलं होतं, चाळीसच्या चाळीस हजर, मी आपला विंचू घेऊन बसलो, इकडे पाहतो तं विंचू, तिकडे पाहतो तं विंचू... कुलदीपच्या हातातही विंचू! म्हटलं, ‘अबे, तुहा वाघ?’ तं म्हणे, ‘भाऊ, आपने तो दूसरा रखा. हारने के लिए आऊँ क्या?’ एकोणचाळीस विंचू, तुम्हाले सांगतो, मी धरून एकोणचाळीस! अन् विंचू विंचवाले चावला तं काय होते? काही नाही होत! हा चावते, तो उतारा लावते, तो चावते, हा उतारा लावते, अर्धा घंटा, पाऊण घंटा, लोक जांभया देऊन राहिले, फेरीचा टाइम संपून राहिला, अन् प्रत्येक जण माह्याकडे असा पाहून राहिला जसं मीच त्याईच्या घरात विंचू सोडले. आता मी म्हटलं होतं काय का सगळ्याईनं एकच आणा?

पहिल्या फेरीत माह्यासमोर कोण? दादाजी. हातात विंचू. नवा, कोरा, अन् पत्ते डोळ्याजवळ नेऊन वाचून राहिले, का हा उतारा होय का डंख. मी म्हटलं, ‘दादाजी, फुलपाखरं?’ तं म्हणे, ‘घरी ठेवले जी. तुम्ही लिहिलं ना, आणू नये. तुमच्यासारखा समजदार माणूस लिहिते तं काही असनच.’

खरं सांगू? एवढं कोणी शिव्या देऊन नसतं मारलं मले. डाव झाला, मी जिंकलो. दादाजी एकदाही हासले नाही. उठून हात मिळवला अन् पुढच्या टेबलावर जाऊन पुन्हा हारले. पाचही फेऱ्या हारले. हासल्याबिगर.

पण माहं तिकडे ध्यान कुठं जी, मी शेवटच्या चारात पोहोचलो होतो! नागपूर समोर दिसून राहिलं होतं, अन् नागपूरच्या आणि माह्यामधात बसलं होतं कोण? कासव. करुणा. हाव! सगळ्याईनं वाघ घरी ठेवले ना, तं कासवाची पाठ फोडणारं राहिलं कोण? विंचू चावते एक, कासव भरते दोन. एकोणचाळीस विंचवाईत ती अशी बसली होती जशी दिवाळीत आत्या बसते, सगळे तिच्यापर्यंत येतात, नमस्कार करतात अन् जातात. खेळाच्या आधी माह्याकडे झुकली अन् हळूच म्हणाली, ‘अहो, तीन वर्षं झाले तुम्ही नागपूर-नागपूर करून राहिले. मी सोडून देऊ काय डाव? तुम्ही जा.’

मनानं बोलली हो ती. डोळ्यात काही टोमणा नव्हता. अन् मी काय म्हटलं? ‘खेळ! यादीनुसार तिसरं आहे तुहं कासव!’ आपल्याच तोंडानं! कुलदीपनं तं डोक्याले हात लावला. करुणा म्हणे, ‘बरं.’ ते ‘बरं’ ऐकूनच मी उठाले पाहिजे होतं. मी चावतो, ती भरते. मी चावतो, ती भरते. मधातच विचारते, ‘पाणी पाहिजे काय?’ अन् एक वेळ अशी आली का माह्यावर एक ओरखडा नाही, वीसच्या वीस प्राण शाबूत, पत्ता उचलाले हात नेला अन् तिथी नुसतं टेबल! पत्ते संपले. पहिली पाळी माही होती, म्हणून तिच्याआधी माहे. ठणठणीत तब्येतीत हारलो मी!

फायनलही तिनं अशीच बसल्या बसल्या जिंकली. मंग नागपूरलेही गेली, मी बॅग धरून मागं. दुसऱ्याच फेरीत वाघ भेटला अन् हारली. मी म्हटलं, ‘पाह, माहे हिशोब बरोबर होते का नाही?’ तं म्हणे, ‘बरोबरच होते. तिथी तुमची यादी कोणी वाचली नव्हती ना.’

पुढच्या रविवारी दादाजी दुकानावर आले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मले काही चैन पडेना, मी मोहगावले गेलो. आंगणात बसून तूर निवडून राहिले होते. म्हटलं, ‘दादाजी, चुकलो मी. फुलपाखरं घेऊन या.’ तं हात जोडते माणूस! ‘नाही जी, यादीत शेवटी आहे, कायले लोकाईचा टाइम खराब कराचा? वर चढलं तं आणीन.’ आता काय कराचं? मी घरी येऊन नवी यादी लिहिली. पहिलं फुलपाखरू! खोटं, साफ खोटं, दोनशे बारा डावाईच्या वहीवर हात ठेवून खोटं लिहिलं. दुसरं कासव, घरात जेवाले पाहिजे म्हणून. तिसरा विंचू. अन् कुलदीपवरच्या रागानं वाघ टाकला शेवटी, लिहिलं, ‘कृपया आणू नये.’ एका म्हाताऱ्या माणसासाठी केलं हो, आता याच्यात तरी माहं काय चुकलं?

रविवारी दुकानात पाय ठेवतो तं जिकडे पाहा तिकडे फुलपाखरं! बावीस जण! कोणाचे सातही होऊन नाही राहिले, भांडून राहिले, ‘गौतमभाऊ, हे काय पहिलं होय?’ अन् दादाजी? दादाजी आले दहाच्या बसनं, पांढरा शर्ट, चष्मा पुसला, अन् थैलीतून काढला... वाघ! कुलदीपचाच, उधार मागून आणलेला! दोन फुलपाखरं मांडले का वाघ आला, तीन मांडले का वाघ आला, पाचही डाव जिंकले, अन् दर डावाले खुर्चीवरून उठून, दोन्ही हात वर, ‘फाडलं रे बाबू फाडलं!’ मी म्हटलं, ‘दादाजी, मी तं तुमच्यासाठी... अन् वाघ तं शेवटी होता!’ तं माह्या खांद्यावर हात ठेवून म्हणे, ‘हाव जी. करुणाबाईनं फोन करून सांगतलं, गौतमबाबूची यादी लय कामाची असते, फक्त खालून वाचाची.’

झालं! आता चाळीसच्या चाळीस खालून वाचतात. म्हणून मीही म्हटलं, ठीक आहे बाप्पा, या महिन्याची यादी उलटीच लिहितो, चांगला डेक खाली, फालतू वर. काल लिहीत बसलो होतो तं करुणानं मशीन थांबवली, माह्या खांद्यावरून पाह्यलं अन् म्हणाली, ‘उलटी लिहून राहिले काय? बरं झालं दिसलं. सगळे खालचाच डेक आणतीन. मंग मी वरून वाचते.’