एक स्विच याचा, एक त्याचा

आमच्या पतसंस्थेनं स्विच कसा निवडला, ते तुम्हाला सांगायलाच हवं. शाखा वाढल्या आणि सावेडीच्या सर्व्हर रूममधला, सगळ्या शाखांचे कॉम्प्युटर जोडणारा जुना स्विच पुरेना; दोन नवे लागणार होते. संस्थेचे कॉम्प्युटर मीच सांभाळतो, म्हणून मी दोन कंपन्यांचे स्विच सुचवले. वेग तोच, वायरी जोडायचे पोर्ट तेवढेच. "कुठलेही घ्या, पण दोन्ही नग एकाच कंपनीचे घ्या, तरच ते जोडून चालतील," असं मीटिंगमध्ये बजावलंही.

झालं! तिसगावचे संचालक एका कंपनीवर अडले, घोडेगावचे दुसरीवर. "आमच्या पाव्हन्याकडं हाच हाय, लई भारी," एवढाच दोघांचा मुद्दा. आवाज चढले, चहा गार झाला.

शेवटी आमचे चेअरमन अण्णा म्हणाले, "भांडू नका. एक याचा घ्या, एक त्याचा. दिसायला तर सारखेच हायेत."

"अण्णा, पण ते एकत्र..." मी म्हणेपर्यंत टाळ्यासुद्धा पडल्या.

स्विच आले. दिवसभर खटपट करून मी रडकुंडीला आलो आणि अण्णांकडं गेलो.

"अण्णा, दोन्ही चालू आहेत, पण एकमेकांशी बोलत नाहीत."

अण्णांनी मायेनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"नवे हायेत रे. बोलतील हळूहळू."