जहाजावर चूल कोणाची?

न्हाई न्हाई, तू हसू नको प्रेमदास, तू शेजारी हाईस म्हणून ऐकून घेऊन राहिलो, दुसऱ्या कोणी विचारलं असतं ना की ‘देविदासभाऊ, पाच दिवस जहाजावर व्हते, काय काय खाल्लं?’ तर तिथंच हात जोडून उठलो असतो... काय खाल्लं म्हणे! अरे, त्या जहाजावर नऊ हॉटेलं व्हती, नऊ! वारंगा फाट्यावर एका रांगेत तेवढी न्हाईत, आन ती सगळी एका जहाजाच्या पोटात, एकावर एक! आन हा देविदास, तीस वर्षं एस्टी चालवलेला माणूस, पाच दिवस एकाच हॉलात, एकाच टेबलावर, एकाच खुर्चीत जेवला. काहून? तुमाला सांगतो, एका सवालापायी. आमच्या निर्मलाबाईचा सवाल... ‘चूल कोणाची?’

बसा, सगळेच बसा, उभ्यानं सांगण्यासारखं न्हाई ते.

आता निर्मलाबाईचा नेम तुमाला ठाऊकच हाय. लेकीला लेकरू होईस्तोवर लेकीच्या घरचा घास घ्यायचा न्हाई. पाणी बी न्हाई! तिच्या आईनं पाळलं, आईच्या आईनं पाळलं, आन त्या दोघींपेक्षा जास्त हिनं पाळलं. रुपा पुण्याला दिली, जावई विकास कंपनीत कामाला, पोरगं म्हणजे सोनं! आमी पहिल्यांदा त्यायच्या फ्लॅटवर गेलो तर ही बाई इथून पाण्याचा जार घेऊन निघाली, वीस लिटरचा! पुण्यात बिल्डिंगीच्या लिफ्टपुढं म्या जार खांद्यावर घेऊन उभा, आन वॉचमन म्हणतो, ‘ओ काका, पाणीवाल्यांनी मागच्या जिन्यानं जायचं!’ सहावा मजला! मागच्या जिन्यानं! आन वर पोचलो तर ही जावयाला म्हणते, ‘यायले पाणी देऊ नका हं, आमचं आमी आणलं हाय.’

तर ह्या बाईला घेऊन मी जहाजावर गेलो.

झालं काय, रुपाच्या लग्नाला वर्ष व्हत व्हतं. विकासच्या मनात आलं, दोन्हीकडच्या आईबापाला फिरवून आणावं. मुंबईहून जहाज निघणार, गोवा, लक्षद्वीप, आन वापस मुंबई. आमाला फोन आला. दुसरी बाई असती तर म्हणली असती, ‘समुद्रात भेव वाटते, उलटी व्हईल...’ ही काय म्हणते? ‘तिकीट कोण काढते?’ विकास म्हणतो, ‘आई, मीच काढतोय ना सगळ्यांची.’ झालं! फोन माझ्या हातात, तोंड भिंतीकडं. मग म्या म्हणलं, आपलं आपण काढू, रिटायर झालो तवाचे पैसे बसून खाऊन राहिलेत बँकेत. ‘तिकिटात जेवण हाय काय?’ हाय, म्हणलं, तीन टाइम. ‘मग चालते. मग चूल आपली.’

मला काय ठाऊक, जहाजात चुली दोन परकारच्या असतात!

एक खालची. मेन डायनिंग म्हणतात तिला. ती तिकिटातली. हॉल एवढा मोठा की आपल्या तांड्याची अख्खी पंगत एका कोपऱ्यात बसंल, टेबलावर पांढरी चादर, आन एका माणसापुढं चार सुऱ्या! मी निर्मलाबाईला म्हणलं, जेवायचं हाय का बोकड कापायचा हाय? आन वरच्या मजल्यावर दुसऱ्या, स्पेशल. एक जपानी, एक इटलीची, एक नुसती कबाबांची. त्या तिकिटात न्हाईत. तिथं जायचं तर आधी नाव लिवायचं आन येगळे पैसे भरायचे.

पहिल्याच दिवशी विकास आला, तोंडभर हसू, ‘बाबा, आज संध्याकाळी वरच्या जपानी रेस्टॉरंटमध्ये. सहा जणांचं टेबल सांगून ठेवलंय.’ माझ्या तोंडाला तिथंच पाणी सुटलं! आन ही चष्मा पुसत पुसत इचारते, ‘जावईबापू, हे तिकिटात हाय काय?’ मी मागून डोळे मारून राहिलो, मान हालवून राहिलो, पण ते पोरगं भोळं! ‘नाही आई, हे वेगळं असतं. हे आमच्याकडून!’

आमच्याकडून! अरे लेकरा, हा एक शब्द गिळला असता तर तुझा सासरा जपानपर्यंत जाऊन आला असता!

‘मग त्यायची चूल झाली ती,’ निर्मलाबाई म्हणली. ‘तुमी सगळे जा. आमी खाली जेवतो.’

तीस वर्षं, तुमाला सांगतो, तीस वर्षं मी हिंगोली–वाशीम, हिंगोली–नांदेड गाडी हाकली. ज्या ढाब्यावर गाडी थांबली त्यानं डायवर-कंडक्टरला पहिलं ताट वाढलं, मी हात धुतले आन बसलो. इचारलं काय कोणाला, बाबा रे, चूल कोणाची? न्हाई! पोटाला कधी तकलीफ झाली न्हाई! आन ह्या वयात, समुद्राच्या मधोमध, जिथं पळून जायला रस्ता बी न्हाई, तिथं मी हिशोब लावून राहिलो की हा घास सासऱ्याचा का जावयाचा!

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे इवाई भेटले. विकासचे वडील, मोहनसिंग, शिरड शहापूरचे. माणूस दिलदार, पण बोलायला बसला की ब्रेक न्हाई. ‘पाव्हणं! काय सांगू पाव्हणं! आचारी आपल्यापुढंच उभा ऱ्हातो, समोर एवढा मोठा तवा, बसल्या जागी गरम! अंडं वर उडवतो आन डोक्यावरच्या टोपीत झेलतो! आन मग बटाट्याचा तुकडा उलथण्यानं आपल्या तोंडात फेकतो!’ मी इचारलं, तुमी झेलला? ‘तीन झेलले पाव्हणं! चौथा मिशीवर गेला!’ आता सांगा, हे ऐकून मला खालच्या हॉलातलं पनीर गोड लागंल? लागलं न्हाई. चांगलं व्हतं, म्या नावं ठेवत न्हाई, पण माझं चित्त वर, तव्याशी!

मग मी डोकं चालवलं. म्हणलं, आपल्या पैशानं वर जेवलो तर चूल कोणाची? आपली! गेलो काउंटरवर, खिशातून नोटा काढल्या, म्हणलं बाई, दोन माणसं, जपानी. ती पोरगी गोड हसली, ‘सर, जहाज पे कॅश नहीं चलता. आपका रूम कार्ड दीजिए.’ दिलं. तिनं मशीनला लावलं. ‘हो जाएगा सर, बुकिंग एक साथ है ना, सब मिस्टर विकास के अकाउंट में जाता है.’

मला घामच फुटला. सब? म्हणलं, सब म्हणजे किती? म्हणजे मी कालपासून जे काय कार्ड दाखवून घेतलं, ते? ‘जी सर. दो आइस्क्रीम, एक नारियल पानी.’

आता हे खोलीत सांगायची काही गरज व्हती काय? न्हाई! पण तीस वर्षं खरं बोलायची सवय... बरं, तीस न्हाई, पण असते थोडी. सांगून टाकलं. निर्मलाबाई पलंगावर बसली ती उठलीच न्हाई. ‘दोन? लेकीच्या घरच्या दोन आइस्क्रिमा? आन मले एक बी इचारलं न्हाई?’ ह्यातलं कोणतं दुखलं मला अजून कळलं न्हाई. दुपारचं जेवण बंद, मला म्हणली, पोट साफ व्हऊ द्या. मी उपाशी, डेकवर, आन माझ्यापुढून लोकं पिझ्झे घेऊन चाललेत!

तिसऱ्या दिवशी काय केलं, सांगू नये पण सांगतो. संध्याकाळी ‘जरा हवा खाऊन येतो’ म्हणून वर गेलो आन जपान्याच्या काचंला नाक लावून उभा राहिलो. आत इवाई तोंड आ करून बसलेले, इहीणबाई टाळ्या वाजवून राहिल्या, आन रुपा... रुपा नुसती ताटाकडं पाहून राहिली. एकटीच. तिनं मान वर केली, मला पाहिलं काचंतून. मी लगबगीनं खाली बसलो, तुमाला सांगतो, सासरा माणूस, गालिच्यावर, उकिडवा! पण दिसायचं ते दिसलं.

चौथ्या दिवशी सकाळी रुपा खोलीत आली, डोळे लाल. ‘आई, उद्या आमच्या लग्नाचा वाढदिवस हाय. वर जेवायचं ठरलं हाय. तुमी आले न्हाई तर मी बी जेवणार न्हाई. काल सासूबाई म्हणल्या, आमचं अन्न काय कडू हाय काय? मी काय सांगू त्यायला?’

आता आलं का कठीण! तिकडं आई-आजीचा नेम, इकडं लेकीचं सासर. मी म्हणलं, निर्मला, सोड. ही म्हणते, ‘सोडायले काय ते गाठोडं हाय?’ पण रातभर कूस बदलत व्हती, मला ऐकू आलं. सकाळी फैसला झाला. ‘जायचं. बसायचं. हसायचं. खायचं न्हाई.’ आन मला म्हणते, ‘तुमचा काही भरोसा न्हाई. तुमी आधी खाली पोटभर जेवून घ्या, म्हणजे वर हात जाणार न्हाई.’ आन तू? ‘मले भूकच न्हाई.’ बराबर हाय, जीव सगळा लेकीकडं, भूक कुठून येईल?

मी जेवलो. सूप जेवलो, पाव जेवलो, पनीर, पुलाव, दोन दोन गोड. ती शेजारी बसून हुकूम सोडते, ‘अजून घ्या. अजून घ्या. ते काय उरलं?’ पट्टा दोन भोकं ढिला केला तवा तिनं मला उठू दिलं. आन तसाच नेऊन बसवला जपान्याच्या तव्यापुढं!

आहाहा, काय तो वास! लसूण, तीळ, लोणी... आन माझ्या पोटात जागा कुठं? एका सांडग्याला बी न्हाई! आचाऱ्यानं सगळ्यायच्या ताटलीत वाढलं, आमच्या बी. सगळे खायला लागले, आमी दोघं हसून राहिलो. बसायचं, हसायचं! इहीणबाईनं घास खाली ठेवला. ‘पाव्हणीबाई, तुमी घेत न्हाई?’ इवाई गप. ते गप म्हणजे समजा काय परसंग!

तवा निर्मलाबाईला तिच्या आईची पळवाट आठवली. लेकीकडं खायची येळच आली, तर ताटाशी पैसे ठेवायचे आन मग खायचं. म्हणजे इकत घेतल्यावाणी. कमरेचा बटवा काढला, व्हत्या तेवढ्या नोटा ताटलीशेजारी ठेवल्या, माझ्याकडं पाहिलं, म्हणजे आता चूल आपली, आन हात घास घ्यायला गेला... तेवढ्यात मागून वेटर आला, ‘थँक यू मॅडम! गॉड ब्लेस यू मॅडम!’ छातीला हात लावून वाकला आन नोटा खिशात!

‘अवो! अवो, त्याले सांगा, ते त्याचं न्हाई! ते लेकीचं हाय!’ कसं सांगू? त्यानं तर देवाचं नाव घेतलं! बटवा रिकामा, माझं पाकीट खोलीत. निर्मलाबाईनं हात मागं घेतला. पुन्हा तेच, अधांतरी.

आन रुपा उठली. मोठ्यानं न्हाई बोलली, हळू बोलली, तेच वाईट. ‘आई, तुझ्या ताटात जेवून मी एवढी झाले. मी कधी पैसे ठेवले काय गं? माझ्या हातचा एक घास तुला जात न्हाई... मी एवढी परकी झाले?’

आचाऱ्याला मराठी येत नसंल, पण अंडं हातात धरून तो बी तसाच उभा. निर्मलाबाईनं पदरानं डोळे पुसले, रुपाला खाली बसवलं, आन तोंड उघडलं. ‘घाल.’

एवढंच. ‘घाल.’ रुपानं घास घातला, आन दोघी रडून राहिल्या, इहीणबाई रडून राहिल्या, इवाई टाळ्या वाजवून राहिले. मला लई बरं वाटलं, खोटं काहून बोलू. ती तीन पिढ्यांचा नेम मोडून चावत व्हती आन मला ती लग्नातल्यावाणी दिसली.

पण मग ती थांबलीच न्हाई ना! सकाळपासून उपाशी बाई! भात खाल्ला, शेवया खाल्ल्या, कोळंबी कशी सोलतात ते इहीणबाईला इचारून खाल्ली. मग माझी ताटली ओढली. ‘तुमाले न्हाई ना जात?’ आचाऱ्यानं बटाटा फेकला, हिनं झेलला! पहिल्याच फटक्यात! मी बी हिंमत करून तोंड उघडलं, माझा नाकावर बसला आन खाली पडला. ज्या तव्यासाठी चार दिवस जीव टाकला, त्या तव्याचा वास घेऊन मी पाणी पिलो. आन ते बी घोटभरच गेलं.

बरं, इथं संपलं असतं तरी मी कोणाला बोललो नसतो. मुंबईला उतरलो, मी म्हणलं चला, गाडीचा टाइम झाला. ही रुपाच्या बाजूला जाऊन उभी. ‘आता नेम मोडलाच हाय,’ म्हणते, ‘तर चार दिवस राहून येते पुण्याले. पोरीनं एवढं म्हणलं.’ चार दिवस! आज बावीस झाले! काल फोन केला तर म्हणते, ‘रुपानं काय भरीत केलं व्हतं म्हणून सांगू! तुमी बी या की, आता चालते.’ कसा येऊ? म्हशीला पाच दिवस तू पाहिलं, रोज रोज कोण पाहील? ‘मग जेवून काय राहिले?’ म्हणलं, जेवतो काहीतरी. काहीतरी म्हणजे काय ते तुमाला दिसूनच राहिलं, दूध दोनदा उतू गेलं, भाताचा गोळा झाला, तो म्हशीनं बी हुंगून सोडला...

असो. म्हणून इचारतो, प्रेमदास... वहिनीनं आज भाजी कशाची केली?