न सांगता थांबलेली जीन

न्हाई न्हाई भाऊ, अख्खा कायदाच वाईट हाय असं म्या कुठं म्हनलं? चहा घ्या आदी. तुमी हैदराबादच्या युनियनचे, एवढ्या दुरून जालन्याला आलात आमचं म्हननं लिहून घ्यायला — मंग बराबर लिहा, झुंबरबाई म्हनली म्हनून लिहा. हा जो नवा कायदा आनून राह्यलं निजाम सरकार — युनियनची नोंद करा म्हंते, करू की! पन काम बंद करायच्या आदी चौदा रोज नोटीस द्या, न्हाई दिली तर जेल — हे आमाला मंजूर न्हाई. बिलकुल न्हाई. का? सांगते ना.

आमी बाया जिनिंगमधी रेच्यावर, म्हंजे सरकी काढायच्या मशिनीवर, कपाशी टाकतो. सरकी इकडं, रुई तिकडं. दिवाळीनंतर आमच्या सोनूबाईचा पदर गुतला रेच्यात — पदर ओढाया गेली अन् हातच गेला की अंदर! मुनीर तिथंच मशिनीला तेल घालून राह्यल्ता, त्यानं पट्टा पाडून मशीन थांबवली म्हनून जीव वाचला. अन् मुकादम काय म्हनला? "हिला झाडाखाली बसवा अन् पट्टा चढवा." मानूस हाय का कोन! मंग म्या टोपली फेकली. कुनी सांगितलं न्हाई, कुनाला इचारलं न्हाई — फेकली. माझ्यामागं साऱ्या बाया उठल्या, मंग गडी उठले, सगळी जीन चुप्प. तवा कुठं मालकाची मोटार निघाली अन् सोनूबाई दवाखान्यात गेली. बोटं गेली, पन ती जित्ती हाय. आता तुमीच सांगा, तवा नोटीस कशी देनार? सोनूबाईचा हात गुतनार हाय म्हनून चौदा रोज आदुगर कळवायचं का मालकाला?

हेच बोलला मुनीर परवा बाजारातल्या सभेत. आमचे रामकिसन, युनियनचे जुने मानूस, ते म्हनले, "अर्ज करू, सबुरीनं घेऊ" — त्यांचं बी खोटं न्हाई, घरी लेकरं हायेत. पन मुनीर म्हनला, कायदा पास व्हायच्या आदीच गावातल्या साऱ्या जिना बंद करू. झालं, दुसऱ्या रोजी पोलीस त्याच्या दारात. ही काय पलीकडची खोली — कमरबीची, त्याच्या मायची. घडा फोडला, पेटी उलटी केली. सापडतो कशाला! तो तर सरकीच्या — न्हाई, म्हंजे हाय कुठं तरी. माय भाकर धाडती, खातो. तुमी आपले म्हनून बोलते, काळजी नका करू, दिवस मावळला की लागंल अंबडच्या वाटंला, बैलगाडीत सरकीच्या पोत्यांखाली कोन बघतंय —

उठलात का? बसा की. चहा तसाच हाय तुमचा. असे घाईनं कुठं निघालात — अन् खाली काय बघून राह्यले? इकडं बघा. माझ्याकडं बघा, भाऊ. हैदराबादच्या युनियनमधून कुनी धाडलं तुमाला? नाव सांगा. एक नाव सांगा —

अगं माय! पोलिसाच्या मानसाला काय बोलून बसले मी.

कमरबी! ए कमरबी! भायेरून कडी घाल! — हौ, मी अंदरच हाय, राहू दे मला अंदर — घाल म्हंते ना, जल्दी! अन् बायांना बोलाव, दारातच बसा समद्या!

लागली कडी. ढकलू नका, सागवानी दार हाय. गाडी लांब जाईस्तोर मी बी इथं अन् तुमी बी इथं. बसा. आता माझ्या तोंडून एक हरफ निघनार न्हाई.